आधी ओलावा मोजा, मशीन नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे: लाकडाचा भुसा आणि चिप्स, पिकांचं काड आणि गोठ्यातलं शेण, तिन्ही हाताशी आहे, १ मेगावॉटच्या आसपास वीज बनवायचीये. तर जाळून वाफेवर टर्बाइन फिरवायचं, गॅसिफायर (कमी हवेत लाकडाचा जळणारा वायू करणारी भट्टी) लावायचा की बायोगॅस करायचा? आणि जाता जाता एक चिमटा काढलाय की झाडं जाळणं हे रिन्यूएबल कसं काय. प्रश्न सगळेच रास्त आहेत. मी आधी बॉयलरवर, मग काही वर्षं गॅसिफायरवर आणि आता बायोगॅसवर, अशी वीसेक वर्षं याच राखेत आणि शेणात काढलीयत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

पहिलं म्हणजे ती मशीनची ब्रोशर्स बाजूला ठेवा. कुठलं मशीन चांगलं हा प्रश्न नंतरचा, आधी तुमच्या मालात पाणी किती, राख किती आणि तो वर्षभर मिळतो का हे बघा, कारण बायोमासचे जे प्लांट बंद पडलेले मी बघितलेत त्यातले बहुतेक टर्बाइन खराब झालं म्हणून नाही, तर माल भलताच आला किंवा आलाच नाही म्हणून बंद पडलेत.

पाण्याचा हिशोब सांगतो. पूर्ण वाळलेल्या लाकडात किलोला साधारण १८ ते १९ मेगाज्यूल उष्णता असते, आणि गंमत म्हणजे झाड कुठलंही असो, कोरडं धरलं की आकडा फारसा हलत नाही. फरक पडतो तो पाण्याने. २०% ओलावा असेल तर हातात साधारण १४ मेगाज्यूल येतात, आणि ताजं तोडलेलं ५०% ओलाव्याचं लाकूड असेल तर फक्त ८. लोकांना वाटतं अर्धं पाणी म्हणजे अर्धी उष्णता, तर ९ तरी मिळायला हवेत, पण ते पाणी नुसतं बसून राहत नाही ना, त्याची वाफ करायला किलोमागे २.४ मेगाज्यूल लागतात आणि ते याच लाकडाच्या खिशातून जातात. म्हणजे ओला माल तुम्हाला दोनदा लुटतो, एकदा वजनात आणि एकदा भट्टीत.

आता हेच तुमच्या १ मेगावॉटला लावू. छोट्या स्टीम प्लांटची कार्यक्षमता २५% धरली, हा आकडा जरा उदारच आहे, तर भट्टीत ४ मेगावॉट उष्णता गेली पाहिजे. २०% ओलाव्याचा माल असेल तर तासाला १ टन, म्हणजे दिवसाला २४ टन. ५०% ओलाव्याचा असेल तर तासाला १.८ टन, दिवसाला ४३ टन, आणि त्यातलं २१ टनांच्या वर नुसतं पाणी! रोज २१ टन पाणी ट्रकमध्ये घालून लांबून आणायचं, उतरवायचं, कन्व्हेयरवर चढवायचं आणि धुराड्यातून वाफ करून सोडायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय तयार झालेल्या विजेतला साधारण दहावा हिस्सा प्लांटच्या स्वतःच्या पंखे-पंप-कन्व्हेयरलाच लागतो, तो ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच.

यात अजून एक गोची आहे जिच्यात चांगले चांगले इंजिनियर अडकतात. ओलावा सांगायच्या दोन पद्धती आहेत. एकात पाण्याचं वजन भागिले एकूण वजन, दुसऱ्यात पाण्याचं वजन भागिले फक्त कोरडं वजन. लाकूड सुतारकामासाठी विकणारे दुसरी वापरतात, इंधनवाले पहिली. अर्धं पाणी असलेलं लाकूड एकात ५०% आणि दुसऱ्यात १००% होतं. सप्लायर म्हणाला २५% ओलावा, तर आधी विचारा कुठल्या हिशोबाने, करारात तसं लिहून घ्या. आमच्याकडे या एका ओळीवरून सहा महिने भांडण चाललं होतं आणि शेवटपर्यंत दोघंही स्वतःच्या जागी बरोबर होते.

मोजायचं कसं, तर काही फार नाही. वजनकाटा आणि १०५ अंशाला चालणारा ओव्हन. सॅम्पल तोलायचं, आत ठेवायचं, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवायचं, परत तोलायचं. खुपसून बघायचा पिनवाला मीटर गेटवर झटपट अंदाजाला ठीक आहे पण पैसे त्याच्यावर देऊ नका. आणि सॅम्पल कुठून घेताय ते बघा! एकदा मी रात्रपाळीला असताना चिप्सची गाडी आली, वरून बघितलं तर मस्त कोरडा खडखडीत माल, मीटरने १८% दाखवलं, आम्ही घेतली. तासाभरात भट्टीचं तापमान पडायला लागलं, ऑपरेटर हवा कमी-जास्त करून थकला, स्टीम प्रेशर काही वर येईना. शेवटी ढिगात फावडं घातलं तर वरचा हातभर थर सोडला की खाली सगळा पाण्याने निथळणारा माल, मुठीत दाबला तर बोटांमधून पाणी. माल वजनावर विकत घेतला की पाणी विकलं जाणारच, समोरच्याला दोष देऊन उपयोग नाही. त्यानंतर आम्ही गाडी उतरवताना मधूनच पाच-सहा ठिकाणचं सॅम्पल घ्यायला लागलो आणि पैसे टनावर नाही, तर उष्णतेवर द्यायला लागलो. भांडणं एकदम कमी झाली.

दुसरी अडचण आकारमानाची. सुटं काड घनमीटरला जेमतेम ४०-५० किलो भरतं, दाबून गठ्ठे बांधले तर शंभर-दीडशे, चिप्स २०० ते ३००, आणि पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या छोट्या कांड्या, केल्या तर ६०० च्या वर. म्हणजे सुटं काड ट्रकमध्ये भरलं तर तुम्ही मुख्यतः हवा वाहून नेता. पेलेटमध्ये बाहेरून डिंक वगैरे सहसा लागत नाही, दाबाने आणि गरमीने लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू जोडून ठेवणारा घटक, मऊ होतं आणि तेच चिकटवतं, पण त्यासाठी माल आधी १०-१२ टक्क्यांपर्यंत वाळवावा आणि बारीक दळावा लागतो, त्यालाही ऊर्जा लागते. लांब न्यायचा असेल तर पेलेट परवडतात, दहा किलोमीटरवर जाळायचा असेल तर नाकापेक्षा मोती जड.

साठवणुकीबद्दल लोक अजिबात विचार करत नाहीत. ओल्या चिप्सचा मोठा ढीग घातला की आत जंतू कामाला लागतात, ढीग तापतो, आत हात घालवत नाही इतका, साठ-सत्तर अंश सहज होतात. पहाटे थंडीत ढिगातून वाफा निघताना दिसतात, नवी पोरं फोटो काढतात, मला मात्र तो आमच्या मालाचा धूर दिसतो, कारण त्या तापण्यात महिन्याला काही टक्के कोरडा माल गायब होतो. आणि प्रकरण वाढलं तर आपोआप पेटतो. पेलेटही तशा सोवळ्या नाहीत. इंग्लंडमध्ये टिलबरीला कोळशाचं पॉवर स्टेशन पेलेटवर आणलं होतं, तिथे फेब्रुवारी २०१२ मध्ये साठवणुकीतच मोठी आग लागली. बंद जागेत पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेटच्या जहाजात उतरताना एक कामगार त्यानेच गेला. तेव्हा ढीग उंच घालू नका, जुना माल आधी वापरा, बंद सायलोमध्ये (साठवणुकीच्या उंच टाकीत) गॅस मीटरशिवाय कुणालाही उतरू देऊ नका.

मग फीडिंग. बॉयलर, टर्बाइन, कंट्रोल रूम सगळे दाखवतात, पण रात्री दोनला माझा फोन वाजायचा तो नेहमी फीडरमुळेच. भुसा ओला झाला की हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यात) कमान धरतो, खाली स्क्रू रिकामा फिरतोय, वर माल भरलेला, आणि एक माणूस सळई घेऊन हॉपर ठोकतोय. लांब काड स्क्रूच्या शाफ्टला गुंडाळतं, तेही करवतीने कापून काढावं लागतं. दगड, तार, माती येते ती वेगळीच. म्हणून मशीन घ्यायला गेलात की विचारा, माझा माल, माझ्या ओलाव्याचा, तुमच्या फीडरमधून आठ तास चालवून दाखवा. तुमचा माल म्हणजे त्यांच्या डेमोसाठी ठेवलेला सुबक चाळलेला माल नाही.

आता जाळण्याकडे येऊ. बायोमास कोळशासारखं जळत नाही हे आधी डोक्यात बसवा. कोरड्या लाकडाचा ७५-८० टक्के भाग तापल्यावर वायू होऊन वर निघून जातो आणि ज्वाला वरच्या मोकळ्या जागेत होते, ग्रेटवर, म्हणजे भट्टीच्या तळातल्या जाळीवर, उरतो तो थोडासा निखारा. कोळशाची भट्टी घेऊन त्यात लाकूड टाकलं आणि सगळी हवा खालूनच दिली तर वरचा वायू अर्धवट जळून काळा धूर काढतो. वरून दिलेली दुय्यम हवा, ती नीट मिसळणं आणि वायूला आत पुरेसा वेळ मिळणं, खरी खेळी तिथे आहे.

लाकूड जाळायला सोपं कारण राख एक टक्क्याच्याही खाली, सालीसकट असेल तर दोन-तीन. खरी परीक्षा काड जाळताना. काडात पोटॅशियम आणि क्लोरीन भरपूर, सिलिकाही असते. आता सिलिका म्हणजे वाळू, तिच्यात पोटॅश घातला की ती कमी तापमानाला वितळते, आणि युरोपात मध्ययुगात जंगलातल्या राखेचं पोटॅश आणि वाळू वापरून काच अशीच बनवायचे. तुमच्या भट्टीतही तेच होतं, फक्त तुम्हाला काच नको असते. एका लाकडाच्या बॉयलरमध्ये मॅनेजमेंटने स्वस्त मिळालं म्हणून काड मिसळायला लावलं, आम्ही नको म्हणत होतो, तिसऱ्या दिवशी ग्रेट हलेना. थंड व्हायला दोन दिवस गेले, आत उतरलो तर हिरवट-राखाडी काचेची लादी, ग्रेटच्या फटींमध्ये ओतल्यासारखी बसलेली, पहारीने घाव घातला की बाटली फुटल्यासारखा आवाज. एक तुकडा अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. फ्लुइडाइज्ड बेडमध्ये, म्हणजे खालून हवा फुंकून खळखळत्या गरम वाळूत माल जाळतात त्या भट्टीत, याचंच दुसरं रूप दिसतं, बेडची वाळू चिकटून ढेकळं होतात आणि बेड बसतो. क्लोरीन वर जाऊन सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या, नळ्या खातो, म्हणून काडाच्या बॉयलरमध्ये वाफेचं तापमान मुद्दाम कमी ठेवावं लागतं, आणि तापमान कमी म्हणजे कार्यक्षमता कमी.

डेन्मार्कवाल्यांचा या बाबतीत अनुभव मोठा आहे, ते काडाचे दोन प्रकार करतात, पिवळं आणि राखाडी. राखाडी म्हणजे कापणीनंतर शेतातच पडून एक-दोन पाऊस खाल्लेलं. पावसाने पोटॅशियम आणि क्लोरीन धुऊन जातं, मग वाळवून उचललं की जाळायला ते पिवळ्या काडापेक्षा कितीतरी सौम्य. बिनखर्चाचा उपाय आहे, फक्त मधे वाळायला ऊन मिळायला हवं. आणि राख म्हणजे राखच हेही खरं नाही. भाताच्या तुसात राख तब्बल २०% च्या आसपास, पण ती जवळजवळ सगळी सिलिका आणि पोटॅशियम कमी, त्यामुळे ती सहजासहजी वितळत नाही. ती काय करते तर सँडपेपरसारखी नळ्या घासून पातळ करते. म्हणजे एकात चिकटण्याचा त्रास, दुसऱ्यात घासण्याचा. लॅबमध्ये नुसती राख किती एवढंच तपासू नका, राख कुठल्या तापमानाला मऊ होते ती टेस्टही करून घ्या.

इथे माझं एक मत सांगून टाकतो, पटलं तर घ्या. बायोमासपासून वीज ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि उष्णता ही सगळ्यात सोपी. नुसती वीज बनवली तर छोट्या प्लांटमध्ये पाऊण उष्णता हवेत जाते. तीच उष्णता कुणी वापरणारा असेल, वाळवणी असेल, कारखान्याची वाफ असेल, इमारती गरम करायच्या असतील, तर एकूण ८०-९० टक्के उपयोग होतो. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क, ऑस्ट्रियात बायोमास टिकलं ते गावंच्या गावं गरम पाण्याच्या पाइपांनी जोडलेली आहेत म्हणून. साखर कारखान्यांचं चिपाड घ्या, पन्नास टक्के ओलं, तसं बघितलं तर वाईट इंधन, तरी जगभर उत्तम चालतं, कारण माल कारखान्यातच तयार होतो, वाहतूक शून्य, आणि वाफ वापरणारा कारखाना भिंतीपलीकडेच. तुमच्या आसपास उष्णतेचं गिऱ्हाईक आहे का हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, मला विचाराल तर तोच पहिला हवा होता.

गॅसिफायर. कागदावर फार देखणा. हवा मुद्दाम कमी द्यायची, पूर्ण ज्वलनाला लागते त्याच्या पाव हिश्शाच्या थोडी वर, म्हणजे लाकूड पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन असा जळणारा वायू मिळतो, तो थेट इंजिनात. हवेतला नायट्रोजन त्यात निम्म्याच्या आसपास असतो म्हणून वायू पातळ, घनमीटरला ५ मेगाज्यूलच्या आसपास, पण इंजिन चालतं आणि साधारण एक ते सव्वा किलो कोरड्या लाकडाला एक युनिट वीज मिळते. छोट्या साइजला स्टीमपेक्षा हे चांगलं आहे. तंत्र नवं अजिबात नाही, जॉर्ज अँबेर या माणसाने १९२० च्या दशकात डाउनड्राफ्ट, म्हणजे वायू वरून खाली निखाऱ्यातून ओढणारा, गॅसिफायर गाड्यांसाठी बनवला आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाखो गाड्या लाकडाच्या गॅसवर पळत होत्या. युद्ध संपलं, पेट्रोल आलं, आणि लोकांनी ते डबे आनंदाने उपटून फेकले. का फेकले ते ज्याने गॅसिफायर साफ केलाय त्याला विचारायची गरज नाही.

टार. डांबर म्हणा. लाकूड अर्धवट तापलं की निघणारी काळी चिकट वाफ, गरम असेपर्यंत वायू, थंड झाली की जिथे असेल तिथे चिकटते, पाइपात, कूलरमध्ये, इंजिनच्या व्हॉल्व्हवर. खालून हवा देणाऱ्या अपड्राफ्टमध्ये घनमीटरला पन्नास ग्रॅम किंवा त्याहून जास्त टार येतं, चांगल्या चालणाऱ्या डाउनड्राफ्टमध्ये एक ग्रॅमच्या आसपास, आणि इंजिनला हवं असतं ०.१ ग्रॅमच्या खाली. मधला फरक सायक्लोन (वायू गोल फिरवून धूळ काढणारा), स्क्रबर (पाण्याने धुणारा), फिल्टर लावून काढायचा, आणि पाण्याने धुतलं तर ते घाण विषारी पाणी कुठे टाकायचं हा नवीन प्रश्न. आमचं एक इंजिन रात्री बंद केलं आणि सकाळी फिरेचना, व्हॉल्व्ह गाइडमध्ये टार गोंदासारखं सुकलेलं. तेव्हापासून बंद करायच्या आधी शेवटची दहा-पंधरा मिनिटं इंजिन दुसऱ्या स्वच्छ इंधनावर चालवायची सवय लावून घेतली.

डाउनड्राफ्टचा दुसरा हट्ट म्हणजे त्याला माल लागतो ठोकळ्यांचा, एकसारखा, २०% च्या आत वाळलेला. नुसता भुसा त्याला चालत नाही, हवा आरपार जाणारच नाही, आणि सुटं काडही नाही. म्हणजे तुमच्याकडच्या तीन मालांपैकी फक्त चिप्स, त्याही चाळून आणि वाळवून. मोठ्या साइजला दुसरी तंत्रं आहेत, ऑस्ट्रियात ग्युसिंगला वाफेवर चालणारा दुहेरी फ्लुइडाइज्ड बेडचा प्लांट २००२ च्या सुमारास सुरू झाला, २ मेगावॉट वीज, तांत्रिकदृष्ट्या चांगला चालला, जगभरातून लोक बघायला जायचे, २०१६ ला बंद केला. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला लाकडापासून पाइपलाइनच्या दर्जाचा मिथेन करणारा २० मेगावॉटचा गोबीगॅस, तोही चालून दाखवला आणि २०१८ ला थांबवला, आर्थिक गणित बसेना. तंत्र जमणं आणि धंदा जमणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि एक विसरू नका, या वायूत कार्बन मोनॉक्साइड पाचवा हिस्सा असतो, त्याला रंग नाही, वास नाही. गॅसिफायर बंद खोलीत बसवायचा नाही, आणि मीटर अंगावर.

बायोगॅस. इथे पाणी शत्रू नाही, उलट लागतंच, म्हणून शेण जाळायचा किंवा वाळवायचा विचारही करू नका, त्याची जागा डायजेस्टर, म्हणजे हवाबंद टाकी जिच्यात जंतू माल कुजवून गॅस करतात. दलदलीतून जळणारा वायू निघतो हे व्होल्टाने १७७६ मध्येच बघितलं होतं, मॅजोरे तळ्याचा गाळ काठीने ढवळून, आणि १८९५ ला इंग्लंडमध्ये एक्सेटरला सांडपाण्याच्या टाकीतल्या गॅसवर दिवे लावले होते. तर कृती जुनीच, पण आतमध्ये जंतूंच्या तीन-चार टोळ्या एकामागून एक काम करतात. पहिल्या माल फोडतात, मधल्या आम्ल करतात, शेवटची त्याचा मिथेन करते, आणि ही शेवटची टोळी सगळ्यात हळू आणि सगळ्यात नाजूक. तिला ३५ ते ४० अंश तापमान हवं आणि ते रोज सारखं हवं, पीएच सातच्या आसपास हवा.

जास्त गॅस पाहिजे म्हणून लोक जास्त खायला घालतात. आम्ल करणारी टोळी जोरात सुटते, मिथेनवाली मागे पडते, आम्ल साठत जातं आणि एक दिवस डायजेस्टर आंबतो. आम्हीही केलंय ते, खराब झालेलं धान्य फुकटात मिळालं म्हणून दोन दिवसांत ढकललं, पहिल्या दिवशी गॅस वाढला तेव्हा सगळे खूश, चौथ्या दिवशी फेस वर येऊन गॅसच्या पाइपात, मग दीड महिना नीट व्हायला. पीएच बघत बसलात तर उशीर होतो कारण स्लरी, म्हणजे आतलं पातळ शेणपाणी, आम्ल बराच वेळ पचवून घेते, म्हणून आम्ल आणि क्षारता यांचं गुणोत्तर आठवड्यातून दोनदा काढा, ते आधी हलतं. आणि नवीन काही घालायचं तर चिमटी-चिमटीने, दोन आठवड्यांत वाढवत न्या.

आता तुमचा १ मेगावॉट शेणावर बघू. ताज्या शेणाच्या एका किलोतून साधारण ४० लिटर गॅस, टनाला ४० घनमीटर, आणि एका घनमीटरपासून इंजिनवर साधारण दोन युनिट. म्हणजे एक टन शेण, ८० युनिट. १ मेगावॉट चोवीस तास म्हणजे २४,००० युनिट, म्हणजे रोज ३०० टन शेण. आहे? नसणार. शेणातला सोपा माल जनावराने आधीच पचवलेला असतो, म्हणून त्यात गॅस कमी. हिरवा चारा, वाया गेलेलं अन्न, खराब धान्य यात कितीतरी पटीने जास्त. काड शेणात मिसळता येतं, शेणात नायट्रोजन जास्त आणि काडात कार्बन, त्यामुळे जोडी बरी जमते, पण बारीक करूनच, नाहीतर वर तरंगून चटईसारखा थर धरतं आणि ढवळणीचा पंखा तोडतं. लाकडाचा भुसा मात्र नको, लिग्निन या जंतूंना पचत नाही, जसा गेला तसा बाहेर येईल.

गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिनचं तेल आणि बेअरिंग खातो, तो काढल्याशिवाय इंजिनला गॅस देऊ नका. आणि माणसासाठी तो त्याहून वाईट. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणून माणूस समजतो की गॅस गेला. स्लरीच्या खड्ड्यात एक जण पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो आणि तोही जातो, या धंद्यातले बहुतेक दुहेरी मृत्यू असेच. खड्ड्याला जाळी, बाहेर दोरी आणि श्वासाचा सेट, आणि त्याशिवाय कुणी, अगदी मालकसुद्धा, आत उतरणार नाही हा नियम.

राहिला तो चिमटा, हे रिन्यूएबल कसं. खरं सांगायचं तर नुसतं धुराड्याकडे बघितलं तर लाकूड कोळशापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं, आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) मानक आकड्यांत एका गिगाज्यूलला लाकूड ११२ किलो आणि कोळसा ९५ च्या आसपास. फरक एवढाच की तो कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला होता आणि नवीन झाड वाढलं तर परत घेईल. त्या "वाढलं तर" मध्ये सगळं आहे. काड, भुसा, शेण, जे नाहीतर काही महिने-वर्षांत कुजून किंवा शेतातच जळून हवेत जाणारच होतं, ते वापरलं तर हिशोब जवळजवळ लगेच जुळतो. पण उभं मोठं झाड त्यासाठीच तोडलं तर ते परत तेवढं व्हायला काही दशकं लागतात आणि तोवर तो कार्बन हवेत असतो. देशांच्या हिशोबात धुराड्यावर शून्य लिहितात कारण तो कार्बन झाड तोडलं तिथे, जंगलाच्या खात्यात मोजायचा असं ठरलंय. अडचण अशी की लाकूड एका देशात तोडलं आणि दुसऱ्या देशात जाळलं, आणि पहिल्याने नीट मोजलंच नाही, तर तो कार्बन कुठल्याच वहीत येत नाही. २००९ ला सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी सायन्स मासिकात याच चुकीवर बोट ठेवलं होतं. इंग्लंडमधल्या ड्रॅक्स पॉवर स्टेशनने कोळशाचे चार वीजसंच पेलेटवर आणले आणि पेलेट मुख्यतः उत्तर अमेरिकेतून समुद्रापलीकडून येतात, तिथला वाद अजून चालूच आहे.

बायोगॅसचं पारडं इथे जड आहे कारण उघड्यावर साठवलेल्या शेणातून मिथेन तसाही निघत असतो, शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवतो, तो पकडून जाळला तर दुहेरी फायदा. पण तोच मिथेन तुमच्या डायजेस्टरच्या झाकणातून किंवा उघड्या स्लरीच्या टाकीतून गळत असेल तर सगळं मुसळ केरात, म्हणून गळती शोधणं हे फक्त सेफ्टीचं काम नाही. आणि खास ऊर्जेसाठी पीक लावायचं म्हणाल तर मी विरोधात आहे. पीक सूर्यप्रकाशाचा जेमतेम एक टक्का साठवतं, साधं सोलर पॅनल वीसेक टक्के पकडतं, त्यामुळे जमीन मोकळी असेल आणि फक्त वीज हवी असेल तर पॅनल लावा. जर्मनीत बायोगॅससाठी मक्याची शेती इतकी पसरली की २०१२ च्या कायद्यात नवीन प्लांटला मका आणि धान्याचा वाटा ६०% पर्यंतच अशी मर्यादा घालावी लागली.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं. १ मेगावॉटचा आकडा आधी डोक्यातून काढला असता. शेणासाठी मिळेल तेवढ्या साइजचा डायजेस्टर, त्यात बारीक केलेलं थोडं काड, गॅसवर छोटं इंजिन, आणि इंजिनच्या पाण्याची उष्णता डायजेस्टर गरम ठेवायला आणि चिप्स वाळवायला. चिप्स आणि भुशासाठी उष्णतेचं गिऱ्हाईक मिळालं तर साधा गरम पाण्याचा किंवा वाफेचा बॉयलर, नाही मिळालं तर पेलेट करून विकायचा विचार. उरलेल्या काडाला हात लावला नसता निदान पहिली दोन वर्षं, त्यातला निम्मा तरी शेताला परत जायला हवा, मातीला कर्ब लागतो. बॉयलरची राख टाकून देऊ नका, पोटॅश त्यात आहे, पण आधी जड धातूंची टेस्ट, आणि रंग दिलेलं किंवा प्लायवूडचं लाकूड जाळत असाल तर ती राख शेतात अजिबात नाही.

आणि कोटेशन मागवायच्या आधी एक वर्ष थांबता आलं तर बघा. दर आठवड्याला तिन्ही मालांचं वजन आणि ओलावा एका वहीत लिहा, पावसाळ्याच्या आठवड्यांसकट, सुट्टीच्या आठवड्यांसकट. वर्ष शक्य नसेल तर किमान सगळ्यात ओल्या महिन्याचं आणि सगळ्यात कोरड्या महिन्याचं. ते आकडे आणि राखेचा लॅब रिपोर्ट इथे टाका, मग साइज काढून देतो.